परसातली विटांची भट्टी : सप्टेंबर ते जानेवारी

माझ्या सासूबाई जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांच्याकडे बामणोदची भरिताची वांगी बाजारात आली की शेतात पळकाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर भरीत होणारच. नाशिकला रो हाऊसमध्ये राहायला आल्यावरही आईंनी हे सोडलं नाही. परसात सहा विटा मांडायच्या, वर जुनी जाळी ठेवायची आणि समोर पाटावर बसून वांगी फिरवायची. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांना पाटावरून उठताच येईना. मी आणि लेकाने दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. हात झटकत त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गॅसवरच भाजू." त्या वाक्याने मला फार वाईट वाटलं.

उभ्याने भाजता येईल अशी कमरेइतक्या उंचीची भट्टी बांधायची हे तेव्हाच ठरवलं. प्रत्यक्ष काम सुरू झालं सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि पहिलं भरीत झालं १९ जानेवारी २०२५ ला. कुणी असं काही बांधायच्या विचारात असेल, तर आमच्या या चार महिन्यांचा उपयोग होईल म्हणून सगळं तारखांसकट लिहिते आहे.

जागा शोधण्यातच पहिले पंधरा दिवस गेले. परस १४ फूट बाय ११ फूट. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला चार वेगवेगळ्या ठिकाणी उदबत्ती लावायची आणि धूर कुठे जातो ते वहीत लिहून ठेवायचं. कुंपणभिंतीजवळ धूर भिंतीला आपटून परत फिरत होता आणि थेट शेजारच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीवर जात होता. तिथून चार फूट आत आल्यावर तो सरळ वर जायला लागला. मग भट्टीची पाठ काकूंच्या घराकडे आणि तोंड आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे, असं नक्की झालं.

२९ सप्टेंबरला सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे अर्ज दिला. आधी आमच्या ओळखीच्या आर्किटेक्टला विचारून घेतलं होतं. त्यांचा सल्ला होता की छप्पर घालू नका, कुंपणभिंतीला टेकवू नका आणि सोसायटीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. घराच्या बाजूची सामासिक जागा मोकळी ठेवायची असते, आणि तिथे पक्कं काही उभं राहिलं की वाद सुरू होतात. अर्जासोबत हाताने काढलेला नकाशा जोडला. त्यात भट्टीची लांबी, रुंदी, उंची आणि दोन्ही कुंपणभिंतींपासूनचं अंतर लिहिलं.

कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होते. ती २० ऑक्टोबरच्या रविवारी झाली. मला बोलावलं होतं. प्रश्न सगळे रास्त होते. राख कुठे टाकणार, ठिणग्या उडाल्या तर काय, धुराचा त्रास झाला तर काय? अटी अशा ठरल्या : छप्पर नाही, राख सामाईक गटारात टाकायची नाही, रात्री दहानंतर जाळ नाही, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती, आणि सोसायटीने सांगितल्यास स्वखर्चाने बांधकाम काढून टाकीन असं हमीपत्र.

हमीपत्रासाठी शंभराचा स्टँपपेपर चालेल असं मला वाटत होतं. पण त्याच महिन्याच्या मध्यापासून राज्यात शंभर आणि दोनशेच्या जागी ५०० रुपयांचा लागू झाला होता. ५०० स्टँपपेपरचे आणि २०० नोटरीचे गेले. उजवीकडच्या घरातून संमती लगेच मिळाली. डावीकडच्या काकूंना दम्याचा त्रास आहे. त्यांच्याकडे मी कागद घेऊन गेले नाही. आधी त्यांना परसात आणून जागा दाखवली, उदबत्ती लावून धूर कसा वर जातो ते दाखवलं. जाळ करायच्या आदल्या दिवशी फोन करीन, आणि तुम्हाला त्या दिवशी बरं नसेल तर करणार नाही, असं कबूल केलं. हे त्यांनी संमतीपत्रातही लिहून घेतलं, आणि मला ते योग्यच वाटलं. २७ ऑक्टोबरला पत्र हातात आलं. अर्ज दिल्यापासून २८ दिवस लागले.

आईंना सांगून टाकलं होतं की चंपाषष्ठीला भरीत भट्टीवर. चातुर्मासात त्या वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून मगच सुरू करतात. ती ७ डिसेंबरला होती. चाळीस दिवस हातात आहेत, भरपूर झाले, असा माझा हिशेब होता.

दिवाळी झाल्यावर ५ नोव्हेंबरला विटा आल्या. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात, त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला मिळतो तो जुना साठा. त्यात पावसाने भिजलेल्या, कच्च्या विटा येऊ शकतात. दोन विटा एकमेकींवर आपटून बघायच्या. खणखणीत आवाज आला तर पक्की, बद्द आवाज आला तर कच्ची. मी टेम्पो रिकामा होताना उभी राहून तीसेक विटा परत पाठवल्या. दहा रुपयांप्रमाणे ३०० विटांचे ३,००० आणि टेम्पोचे ९००. प्रत्यक्षात २२० च्या आसपास लागल्या, पण तुकडे पडतात, कोपरे उडतात, त्यामुळे जास्त घेतल्या ते बरंच झालं.

आता पायाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती फरशी टाकून वीटकाम केलं तर एकदोन पावसाळ्यांत ते तडकतं. गवंडीमामांनी पहिल्याच भेटीत जमिनीत पहार मारून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ही माती जिवंत आहे. ही काढल्याशिवाय मी वीट लावणार नाही."

९ आणि १० नोव्हेंबरला आम्ही तिघांनी मिळून पाच फूट बाय साडेतीन फुटांचा खड्डा दोन फूट खोल खणला. दीड फुटाच्या खाली मुरूम लागायला सुरुवात झाली तेव्हा फार हायसं वाटलं. निघालेली काळी माती कुंड्यांना आणि सोसायटीच्या बागेला दिली. पुढच्या शनिवार-रविवारी मुरूम भरला. सहा-सहा इंचांचा थर द्यायचा, पाणी मारायचं आणि धुमसाने ठोकायचं. एकदम दोन फूट भरून वरून कितीही ठोकलं तरी खालचा भाग पोकळच राहतो. हे काम घरच्यांनी केलं म्हणून मजुरी वाचली. मुरुमाचे १,५०० झाले. तळहाताला फोड येऊ द्यायचे नसतील तर पहिल्या दिवसापासून हातमोजे घाला.

मग काम थांबलं. मामा दिवाळीला गावी गेले होते, ते भाऊबीज झाल्यावर येणार होते. पण विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, त्यामुळे ते मत देऊनच निघाले. मला आतून घाई सुटली होती, रोज कॅलेंडर बघत होते. दुसरा गवंडी बघू का, असंही एकदा मनात आलं. पण ज्या माणसाने माती बघून काम करायला नकार दिला होता, त्याच्याच हातून पाया व्हावा असं वाटलं, म्हणून थांबले.

२२ नोव्हेंबरला मामा आले आणि त्याच दिवशी चार इंचांचं काँक्रीट पडलं. २५ ला वीटकाम सुरू झालं. तीन बाजूंनी भिंत, समोरून मोकळी. बाहेरून चार फूट रुंद, आतली मोकळी जागा तीस इंच बाय वीस इंच. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला मामांनी गुण्या लावलाच, शिवाय दोरीवर तीन फूट आणि चार फुटांच्या खुणा करून तिरकं अंतर पाच फूट भरतं का तेही मोजलं. विटा पिंपात बुडवून ठेवायच्या आणि बुडबुडे थांबले की काढायच्या. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट पकड घेत नाही. माल म्हणजे सिमेंट आणि वाळू, एकास सहा. दर थराला सांधेमोड व्हायलाच हवी, म्हणून एक थर पूर्ण विटेने सुरू करायचा आणि पुढचा आद्ध्याने, म्हणजे अर्ध्या विटेने. मी दोन थर लावून पाहिले. मामांची एक करणी मारली की माल सारखा पसरायचा. मला तेवढ्यासाठी तीनदा हात फिरवावा लागायचा, आणि तोवर माल सुकू लागायचा.

सहा थरांवर फळ्या लावून २६ तारखेला तीन इंचांचा स्लॅब टाकला, आत आठ मिलिमीटरच्या सळ्या. खालच्या पोकळीत आता सरपण आणि कोळशाचं पोतं राहतं. फळ्या दहा दिवसांनी, ६ डिसेंबरला काढल्या.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. परसात नुसता स्लॅब उभा होता. आईंनी वांगं गॅसवर भाजलं, नैवेद्य दाखवला आणि मला एका शब्दानेही काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्या परसात गेल्या आणि स्लॅबवर हात टेकवून उंची बघत उभ्या राहिल्या. "अजून किती वर येणार?" त्यांनी विचारलं. मी पट्टी धरून दाखवलं : तीन इंच तळाच्या विटा, त्यावर नऊ इंचांवर जाळी, म्हणजे जमिनीपासून एकूण छत्तीस इंच. कोपर वाकवून त्यांनी हात तेवढ्यावर धरून पाहिला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

८ डिसेंबरला जाळाच्या पेटीचं काम लागलं. साध्या लाल विटा जाळाला थेट लावल्या तर काही वर्षांत त्यांचे पापुद्रे सुटायला लागतात, म्हणून आतून फायर ब्रिकचं अस्तर. नाशिकच्याच अंबड भागात फाउंड्रीचा माल विकणाऱ्या दुकानातून आयएस ८ प्रतीच्या ७० विटा आणल्या, ३८ रुपयांना एक. सोबत पन्नास किलो फायर मॉर्टर, ५५० रुपये. इथे एक गोष्ट दुकानात विचारून घ्या. साधी फायरक्ले फक्त जोरदार आचेवरच घट्ट होते, घरगुती भट्टीत तेवढी आच मिळत नाही. हवेवर घट्ट होणारा फायर मॉर्टर वेगळा मिळतो, तोच हवा. त्याचा सांधा लाल विटांसारखा अर्धा इंच जाड नको, दोन-तीन मिलिमीटरच पुरे. फायर ब्रिक भिजत घालायची नाही, पाण्यात नुसती बुडवून काढायची. तळाच्या विटा तर मॉर्टरशिवाय वाळूवर नुसत्या बसवल्या, म्हणजे उद्या एखादी फुटली तर उचलून बदलता येईल. विटा ग्राइंडरने कापताना तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ती धूळ फुप्फुसाला वाईट असते.

खालची भिंत नऊ इंचांची. वर बाहेरून चार इंचांची लाल वीट, आत साडेचार इंचांची फायर ब्रिक, आणि दोन्हींच्या मध्ये अर्धा इंच फट. ही फट मोकळी राहायला हवी, कारण तापल्यावर आतलं अस्तर फुगतं आणि त्याला सरकायला जागा लागते. मामांनी हे मला दोनदा सांगितलं. आतलं अस्तर मी माझ्या हाताने लावत होते. डाव्या कोपऱ्यात बाहेरच्या विटेचा जास्तीचा माल फटीत पडत राहिला. मला तो दिसला होता. नंतर काढू म्हणत मी वरचे थर लावत गेले, आणि पाचव्या थरानंतर तिथे हात जाईना.

पुढचा आठवडा बाहेरच्या वीटकामावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, अस्तराला लागू दिलं नाही. १५ डिसेंबरला पाणी बंद केलं. मामा म्हणाले, "आता पंधरा-वीस दिवस नुसती वाळू द्या. मग मूठभर काटक्या, रोज थोड्या जास्त." दरम्यान सातपूरला जाळी करायला टाकली. ३०४ प्रतीच्या स्टीलची वरची जाळी ४,८०० रुपये, कोळशासाठी खालची लोखंडी जाळी १,४००. बाजारात जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्तात मिळते. ती घेऊ नका, तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो अन्नाला लागतो. स्टील खरं आहे का ते बघायला लोहचुंबक लावा असं सगळे सांगतात, पण हलक्या २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. म्हणून मी बिलावर "३०४" असं लिहून घेतलं.

२५ डिसेंबरला सुट्टी होती. पाणी बंद करून दहाच दिवस झाले होते. बाहेरून भट्टी कोरडी ठणठणीत दिसत होती, थंडी छान पडली होती आणि दीर घरी आले होते. मी दोन किलो लोणारी कोळसा पेटवला. अर्ध्या तासाने विटांच्या सांध्यांतून वाफ दिसायला लागली. मग सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. डाव्या भिंतीवर बाहेरून, पायऱ्या-पायऱ्यांसारखी, सांध्यांतून वर चढत गेलेली भेग पडली. पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढी. मी पाणी मारायला बादली उचलली, तर दिरांनी हात धरला. तापलेल्या विटेवर पाणी पडलं असतं तर अस्तरही गेलं असतं. कोळसा चिमट्याने काढून पत्र्याच्या डब्यात भरला आणि आम्ही आत आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. चार महिन्यांचं काम माझ्या घाईने मोडलं, हेच मनात येत राहिलं.

सकाळी मामांना फोन केला. संध्याकाळी ते आले, भेगेवर बोट फिरवलं, आत टॉर्च मारून बघितला. "इथे माल अडकलाय. आतली वीट फुगली आणि तिने बाहेरचीला ढकललं. त्यात ओल होतीच." मी सांगितलं की तो माल मला दिसला होता. ते एवढंच म्हणाले, "मग आता तुम्हीच काढा. म्हणजे लक्षात राहील." त्याच आठवड्यात आभाळ आलं, अवकाळीचा इशारा होता, म्हणून ताडपत्री टाकून ठेवली. २९ डिसेंबरला डाव्या बाजूचे वरचे तीन थर उतरवले. छिन्नीने फटीतला माल मी काढला, घमेल्याचा तळ झाकला जाईल एवढाच तो होता. आठ विटा नव्या लागल्या. या वेळी फटीत कागदी पुठ्ठा उभा धरून बांधकाम केलं. माल पुठ्ठ्यावर अडतो, आणि पुठ्ठा नंतर जाळात जळून जातो. मामांचे ६०० रुपये झाले. खालच्या दोन थरांतली बाहेरची भेग नुसती दर्जा भरून (सांध्यात माल दाबून) बुजवली आणि तिच्यावरून मामांनी पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. भेग हलली तर रेघ तुटलेली दिसेल.

नंतर दोन आठवडे तिकडे नुसतं बघायचं. १२ जानेवारीला मूठभर काटक्या पेटवल्या, दहा मिनिटांत विझल्या. १३ ला थोड्या जास्त, भोगीच्या भाकऱ्या मात्र गॅसवरच. संक्रांतीला अर्धा तास जाळ. बाहेरच्या भिंतीला तळहात लावून बघायचा, कोमट लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं. पहिले तीन दिवस वाफ दिसत होती, चौथ्या दिवशी अगदी थोडी, १६ तारखेला नाहीच. १७ ला पूर्ण जाळ केला आणि तासभर तिथेच उभी राहिले. कुठलाही आवाज आला नाही.

खर्चाचा हिशेब मांडते. विटा आणि टेम्पो ३,९००, तीन पोती सिमेंट १,११०, क्रश सँड १,८००, खडी ७००, मुरूम १,५००, सळ्या ६००, फायर ब्रिक २,६६०, फायर मॉर्टर ५५०, दोन्ही जाळ्या ६,२००, मामांची अडीच दिवसांची मजुरी २,५००, बिगाऱ्याचे दोन दिवसांचे १,४००, कागदपत्रं ७००, दुरुस्ती ६००. एकूण २४,२२०. फळ्या मामांच्याच होत्या.

१८ ला काकूंना फोन केला. १९ जानेवारीला सकाळी आईंचा भाचा यावलहून गाडी घेऊन आला. डिकीत पळकाट्यांची मोळी आणि वांग्यांची पिशवी होती. फिकट हिरवी, पांढरट झाक असलेली वांगी, एकेक दोन हातांत धरावं असं. आईंनी प्रत्येकाला सुरीच्या टोकाने टोचे मारले, तेलाचा हात फिरवला आणि जाळीवर मांडली. पळकाट्या भसकन पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून लेक खालून सारख्या सरकवत होता. आई उभ्या होत्या. पाठीमागे खुर्ची ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वांग्याचं साल काळं पडलं, सुरकुतलं, मग एका ठिकाणी फुटून रस जाळात गळला आणि चर्र आवाज झाला. "हे झालं," म्हणत त्यांनी ते देठाला धरून परातीत काढलं. मग त्याच निखाऱ्यांवर मिरच्या आणि लसूण. साल सोलून, लाकडी काठवटीत ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे आणि खोबरं घातलं. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. काकूंना आणि उजवीकडच्या घरी एकेक डबा गेला.

राख दुसऱ्या दिवशी काढली. ती रात्रभर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, आत निखारा जिवंत असू शकतो. आमची काळी माती मुळात अल्कधर्मी, राखही तशीच, म्हणून झाडांना अगदी चिमूटभरच घालते, बाकीची भांडी घासायला. २१ तारखेला भट्टीचा फोटो आणि अंतरांची मापं सेक्रेटरी काकांकडे दिली, ती त्यांनी हमीपत्रासोबत फायलीला लावली.

त्यानंतर तीनदा भट्टी पेटली, एकदा सुरमईसाठी आणि दोनदा भरितासाठी. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या भिंतीपाशी जाऊन पेन्सिलची रेघ बघते. २९ डिसेंबरची रेघ अजून सलग आहे. पावसाळा मात्र अजून यायचा आहे, त्यासाठी ताडपत्री घडी घालून खालच्या पोकळीत ठेवली आहे.